बोरीची चाल

नखाएवढं काळं कार्ड, कडेला सोनेरी दाते, आणि त्यात एक अख्खा माणूस — माणूस गेल्यावर शेवटी उरतं काय, तर त्याचा आवाज. देह मातीचा, कपडे नातेवाइकांचे, पण आवाज काळाच्याही हाती लागत नाही... असं काहीतरी भारदस्त धम्मरत्नच्या मनात जमून येत होतं, तेवढ्यात ते कार्ड चिमटीतून निसटलं आणि पोह्यांत पडलं.

"खाऊन टाकसान तुमी," त्याची बायको सत्यशीला ओट्याजवळून म्हणाली. "मागच्या खेपी थो बारका स्क्रू असाच गिळला."

"गिळला नव्हता. हरवला होता."

"मंग सापडला काहून नाही आजपर्यंत?"

त्यानं शेंगदाणा आणि कांदा यांच्यामधून कार्ड उचललं, हळद बनियनला पुसली, दात्यांवर फुंकर घातली. नऊ वर्षं नाना विहारात होते. घटकाभर पोह्यांत राहिले तर त्यांना काही वाटणार नव्हतं.

नाना म्हणजे त्याचे वडील, नानाजी मुनेश्वर — बोरी अरबच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, जन्मभर कापसाच्या वजनकाट्यापाशी उभे राहिलेले. जाण्याआधीच्या हिवाळ्यात त्यानं त्यांच्या आवाजात वंदना रेकॉर्ड करून घेतली होती, त्रिशरण, पंचशील, सगळी, आणि विहाराच्या कपाटात, भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, तळहाताएवढा एक संगणक बसवला होता: एकाच हिरव्या पाटीवर सगळं, ना पडदा, ना कीबोर्ड. रोज पहाटे आणि संध्याकाळी तो आपण होऊन जागा व्हायचा आणि भोंग्यातून नाना वंदना म्हणायचे — खोल, संथ, प्रत्येक शब्द खाली ठेवून, नीट बसला का बघून, मग पुढचा उचलावा तसे. त्यांच्यामागून वस्ती म्हणायची, तितकीच संथ. इतकी की त्या म्हणण्याला नावच पडलं: बोरीची चाल. बोरीची लेक लग्न होऊन दिग्रसला गेली की तिथल्या विहारात ती एक शब्द मागे राहायची, आणि बाया वळून पाहायच्या — बोरीची दिसते. एक भंतेजी येऊन गेले. म्हणाले, इथे घाई नाही, इथे अर्थ समजून म्हणतात. नागपूरहून एक संशोधक मुलगी आली, सगळ्यांचं म्हणणं मोबाइलवर टिपून घेऊन गेली, आणि वंदनेच्या प्रादेशिक शैलींवरच्या तिच्या प्रबंधात बोरीला म्हणे स्वतंत्र प्रकरण मिळालं.

यंत्राला खोड एकच. लाइट गेली की ते वेळ विसरायचं. बोरीत लाइट जाणं ही बातमी नाही. मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी, गाव कूलरसमोर आडवं झालेलं असताना, पहाटेची वंदना सुरू झाली आणि दोन म्हाताऱ्या उठून अंघोळीला गेल्या. कमिटीनं ठराव केला, की मशीन इंटरनेटवरून वेळ घेईल अशी तजवीज इंजिनिअर मुनेश्वर सरांनी करावी. धम्मरत्न इंजिनिअर नव्हता, दारव्ह्याच्या ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होता. कमिटीच्या लेखी दोन्हींत फरक नव्हता, आणि पगाराचा दिवस सोडला तर त्यालाही तो फारसा जाणवत नसे.

वेळ घ्यायची तर वाय-फाय हवं, वाय-फायसाठी यूएसबीची नवी काडी लावली तर जुन्या कर्नलला ती ओळखूच येईना. कर्नल म्हणजे संगणकातला मधला माणूस — वर प्रोग्राम, खाली तारा-चिपा, आणि दोघांचं बोलणं फक्त त्याच्यामार्फत. लिनक्सचा मूळ कर्नल जगभरची माणसं मिळून सांभाळतात, रोज दुरुस्त करतात. पण ही पाटी बनवणाऱ्या कंपनीनं फार पूर्वी त्याची एक प्रत उचलली, आपल्या मालापुरती ठोकठाक केली, बाजारात सोडली आणि पुन्हा तिकडे ढुंकून पाहिलं नाही. आता उपाय एकच — ती प्रत टाकायची आणि मूळ कर्नल बसवायचा. याला मेनलाइनवर जाणं म्हणतात, म्हणजे मुख्य प्रवाहात येणं. हा शब्द ऐकला की धम्मरत्नचा हात सवयीनं खिशातल्या कागदांकडे जाई, कारण वस्तीला मुख्य प्रवाहात आणायला आलेल्या प्रत्येक साहेबानं आधी झेरॉक्स मागितल्या होत्या.

जुनं कार्ड त्यानं बाजूला ठेवलं. नव्या कार्डावर नवा कर्नल, आणि नानांची फाइल जशीच्या तशी उतरवलेली. तीन बारक्या तारांनी पाटी लॅपटॉपला जोडली आणि बटण दाबलं.

पहिल्या खेपेला कर्नल घाबरला. ही अलंकारिक भाषा नाही. तो स्वतःच पडद्यावर तसं लिहून थांबतो — पॅनिक. कारण इतकंच, की जुना कर्नल ज्या कार्डाला शून्य नंबर म्हणायचा त्याला नवा एक म्हणत होता, आणि शून्याच्या दारात उभा राहून आत कोणीच नाही म्हणून हबकला होता. धम्मरत्ननं घराचा नंबर दुरुस्त केला. दुसऱ्या खेपेला ओळी धावल्या, शेकडो, काळ्यावर पांढऱ्या, आणि मग हिरवा दिवा लागला, वाय-फायची काडी लुकलुकली, आणि पाटीनं वेळ सांगितली — बरोबर, भिंतीवरच्या घड्याळाहूनही बरोबर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या घरातल्या एखाद्या वस्तूनं न सांगता शहाणपणा केला होता. त्यानं खुर्ची मागे टेकली. पन्नाशीला आलेल्या माणसाला दाद द्यायला कोणी नसतं, तो स्वतःच स्वतःकडे बघून मान हलवतो, तशी त्यानं हलवली.

राहिला आवाज. मेनलाइनमध्ये आवाज मुळात बंद असतो. कोणी तक्रार करू नये म्हणून सगळी दारं लावूनच तो तुमच्या हाती देतात, आणि कोणतं दार उघडायचं ते तुम्ही शोधायचं. त्यानं शोधलं. लहान स्पीकर जोडला, फाइल लावली...

आणि खोलीत एक माणूस बोलायला लागला.

बारीक, तरतरीत, नाकातून किंचित धार काढलेला, पुढे गाडी उभी असल्यासारखा — वंदना म्हणत होता, शब्द तेच, क्रम तोच, मधे तोच एकदा खोकला, पण हा कोण? धम्मरत्नचा हात आपोआप बटणावर गेला. शांतता झाली. त्याला तसं झालं होतं — दारव्ह्याच्या स्टँडवर ओळखीची पाठ पाहून आपण खांद्यावर हात ठेवावा, वळलेला चेहरा भलत्याच माणसाचा असावा, आणि त्या भलत्या माणसानंच म्हणावं, काय रे रत्ना, केव्हा आला?

"काय लावलं रे थे?" बाहेरच्या खोलीतून मायनं विचारलं. ती मेथी निवडत होती. निवडायची थांबली होती.

"काही नाही माय. बिघडलं."

बिघडलंच असणार. नवा कर्नल, त्यातला आवाज वाजवणारा नवा ड्रायव्हर, काहीतरी वेगानं फिरत असणार. त्यानं जुनं कार्ड घातलं, हळदीच्या वासासकट — आणि नाना आले. खोल, संथ, आपले. त्याला इतकं हायसं वाटलं की तो ऐकत बसला, अख्खं त्रिशरण, डोळे मिटून. मग नवं कार्ड. पुन्हा तो माणूस. जुनं — नाना. नवं — तो. मग त्याला सुचलं ते इतकं सोपं होतं की पूर्वी कधी का सुचलं नाही याचंच नवल वाटावं, पण त्यातही नवल नव्हतं. दारात भोंगा असताना मोबाइलवर वंदना कोण लावतो? त्यानं फाइल मोबाइलवर घेतली आणि लावली.

मोबाइलमध्येही तो माणूस होता. लॅपटॉपमध्येही तोच.

शिकलेल्या माणसाला धक्का बसला की तो कारण शोधतो. न शिकलेला निदान पाणी तरी पितो. कंपनीनं फेकून दिलेला जुन्या ड्रायव्हरचा मजकूर त्यानं इंटरनेटवरून उतरवून घेतला आणि वाचत गेला. आवाज साठवताना एका सेकंदाचे हजारो तुकडे करतात, आणि ऐकवताना सेकंदाला तितकेच तुकडे वाढायचे असतात. कंपनीच्या ड्रायव्हरला वाढायची एकच गती माहीत होती, आणि ती कमी होती. समोर काहीही आलं तरी तो आपल्याच चालीनं वाढायचा — सरकारी खिडकीसारखा. तुकडे तेच, पण सावकाश. सावकाश म्हणून आवाज जाड, जाड म्हणून गंभीर. ज्या कोण्या परक्या गावच्या माणसानं ती ओळ लिहिली होती त्यानं तिच्याशेजारी इंग्रजीत एक टीप ठेवली होती, जिचा अर्थ: सध्या चालतंय, नंतर बघू.

नंतर कोणी बघितलं नव्हतं. आणि त्या नंतर-बघूच्या मागे नऊ वर्षं बोरीच्या लेकरांनी पंचशील पाठ केलं होतं. लग्नं लागली होती. पाण्याच्या टाकीपाशी भांडणारी माणसं संध्याकाळी एका शब्दावर एकत्र थांबली होती. नागपुरात एक प्रकरण छापून आलं होतं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते नाना रोज दोनदा, भोंग्यातून, स्वतःच्या नसलेल्या आवाजात म्हणत आले होते.

याचं हसू यायला हवं होतं. एरवी आलंही असतं. स्टाफरूममध्ये सांगायला असा किस्सा महिन्याला एक मिळाला तर नोकरी सुसह्य होते. पण हिशेबात एक गोष्ट राहिली होती. मशीन चुकलं, ठीक. ड्रायव्हर चुकला, ठीक. पण मी? मी तर त्या माणसाच्या घरात चाळीस वर्षं राहिलो. मला का कळलं नाही?

तो आठवायला बसला. पद्धतशीर, वर्गात सांगतो तसं, आधी जुनं, मग अलीकडचं. शाळेच्या फाटकाशी नाना सायकल धरून उभे, आणि हाक मारतात, रत्ना, डबा इसरला ना बे... आवाज? खोल. संथ. भोंग्यातला. बरं, दुसरं. ताप आला होता, कपाळावर हात, नाना म्हणताहेत, काही नाही होत, कॉलेजच्या पोराले मरण येत नाही, नापास होनं येते. आवाज — भोंग्यातला. विनोदसुद्धा, एक एक शब्द नीट बसला का बघून. सगळीकडे तोच. कोणीतरी जुन्या चित्रपटावर नवा आवाज चढवावा तसा प्रत्येक आठवणीवर चढलेला, आणि मूळ पट्टी — मूळ पट्टी कुठे आहे?

जिन. त्याला जिन आठवलं. लहानपणी तो नानांचा डबा घेऊन जायचा. आत पाऊल टाकलं की सरकी काढणाऱ्या रेच्यांचा आवाज अंगावर यायचा, आवाज नव्हेच, भिंत; हवेत कापसाचे तंतू, माणसं एकमेकांशी हातांनी बोलायची, आणि पार तिकडच्या टोकाला काट्यापाशी नाना उभे राहून वजन पुकारायचे, ते या टोकाला बसलेल्या मुनीमाला स्पष्ट... स्पष्ट ऐकू यायचं.

तो तिथेच थांबला.

जाड आवाज त्या भिंतीतून गेलाच नसता. जाड आवाज रेच्यांच्या घरघरीत मिसळून गेला असता, तिचाच एक भाग झाला असता. पलीकडे जाईल तो फक्त बारीक, धारेचा, नाकातला — पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. सेठनं नानांना काट्यावर ठेवलं ते कशासाठी, हे सगळ्या बोरीला माहीत असणार. मलाही माहीत होतं. मीच शाळेत फुशारकी मारायचो, की माह्या बापाचा आवाज मशिनीच्या वरून जाते. मीच. आणि आता मी त्या काट्यापाशी एक धीरगंभीर माणूस उभा केला आहे, जो तोंड हलवतो आहे, आणि आवाजाच्या नियमानं पाहिलं तर त्याचं एक अक्षरही मुनीमापर्यंत पोचू शकत नाही...

"मास्तर!"

दारात किसनसिंग राठोड उभा होता. बसस्टँडजवळ त्याचं मांडव, भोंगे आणि लायटिंगचं दुकान. विहाराचा ॲम्प्लिफायर त्याचा, आणि म्हणून त्यातून जे निघेल तेही थोडं आपलंच, असं त्याचं मत होतं.

"झाली काय मशीन? आज सकाळी वाजली नाही तं लोकं मले इचारून राह्यले. जसं काई म्याच मेलो."

"संध्याकाळी देतो."

"देजाच. माही याडी त्याच्यावर बीपीची गोळी खाते. नानाजी बोलले की गोळी. आज तिनं खाल्लीच नाही, म्हने त्याईनं सांगतलंच नाही." याडी म्हणजे त्याची आई, तांड्यात राहायची, दीड किलोमीटरवर. नानांचा आवाज तिथपर्यंत जात होता. आता खरा आवाज तर त्याहूनही पुढे जाईल, धम्मरत्नला वाटलं, आणि तो विचार त्याला अजिबात आवडला नाही.

"किसनभाऊ, नानांचा आवाज कसा होता तुम्हाला आठवतो?"

किसनसिंगनं त्याच्याकडे पाहिलं. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसांचं असं अधूनमधून होतं, असं ते पाहणं होतं. "कायले आठवाव लागते? रोज तं आयकतो."

तो गेला. सत्यशीला महिला मंडळाच्या बैठकीला गेली. धम्मरत्न पाटी, स्पीकर आणि दोन्ही कार्डं घेऊन मायजवळ जाऊन बसला. मेथीच्या काड्यांचा ढीग एका बाजूला, पानांचा दुसऱ्या. तपासणी करायची तर साक्षीदाराला आधी काही सांगू नये, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं न बोलता आधी जुनं लावलं, मग नवं.

दुसरा आवाज सुरू झाला तशी माय पदर सावरून बसली. नवऱ्यासमोर बसावं तशी.

"हे बराबर हाये," ती म्हणाली.

"कोणतं?"

"हेच. सकाळी तू म्हने बिघडलं. बिघडलं कुठी? आत्ताच तं सुधरलं."

"म्हणजे तुला माहीत होतं? नऊ वर्षं?"

"मालूम कायले नाही राहीन? माह्या घरातला मानूस."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तू म्हने मशीन हाय. मले वाटलं मशिनीतून असाच येत असन. फोनवर तुह्या मावशीचा आवाज कसा येते, बाप्यासारका. म्या कधी म्हटलं का मावशी बिघडली म्हणून?" तिनं एक पिवळं पान काढून टाकलं. "आन् त्याइले आवडला होता ना थो आवाज."

"कोणाला?"

"तुह्या बापाले. तू थे मशीन लावली, पयल्या दिवशी भोंग्यातून आयकलं, तं ओसरीवर कितीक वेळ उभेच राह्यले. मले म्हनते, आयकलं काय, कसा वजनदार हाय. जलमभर सेठ त्याइले चिमणी म्हने, मालूम हाय ना तुले? काट्यावरची चिमणी. अन् भोंग्यातून असा आवाज, जसा कलेक्टर बोलून राह्यला." मायच्या तोंडावर हसू आलं, आणि ते तिनं मेथीत लपवलं. "मंग काय, तसंच बोलाले लागले. जाड. दबवून दबवून. चहा मांगाचा तं असा... च्याऽऽ. गळा पार धरला. तू तं डॉक्टरकडे घेऊन गेलता. डॉक्टरनं खोकल्याची बाटली देल्ली."

बाटली. त्याला बाटली आठवली. लाल, चिकट, झाकणाशी साखर जमलेली. ते शेवटचे महिने आठवले — खाटेवर नाना, आणि त्यांच्या आवाजात आलेली ती खोली, ते जपून बोलणं... मी त्याला आजार म्हटलं होतं. मग, ते गेल्यावर, त्याला परिपक्वता म्हटलं. शोकसभेत उभा राहून मी म्हणालो, अखेरच्या काळात नानांच्या वाणीला एक धीरगंभीर खोली प्राप्त झाली होती — प्राप्त झाली होती! — आणि लोकांनी माना हलवल्या, दोघं रडले. आणि प्रत्यक्षात खाटेवर एक म्हातारा गळा दाबून एका स्वस्त पाटीच्या चुकीची नक्कल करत होता, आणि त्याचा मुलगा, शिकलेला, त्याला चमच्यानं खोकल्याचं औषध पाजत होता.

"तू सांगायचं होतंस त्यांना, की मशीनची चूक आहे."

"कायले?" माय म्हणाली. "खुश होते."

मग कोणता आवाज खरा? हा प्रश्न सकाळी सोपा होता. आता — मशीननं नाना बिघडवले, मग नानांनी मशीनसारखं होऊन दाखवलं, मग मशीन सुधारलं आणि नाना मागे राहिले. माणसानं शेवटचे चार महिने जो आवाज स्वतः निवडला, घसा सुजवून निवडला, तो खोटा कसा म्हणायचा? आणि जो जन्मभर होता, ज्यानं पोट भरलं, ज्यावरून सेठ चिमणी म्हणायचा, तो तरी...

संध्याकाळ होत आली होती. आत जाऊन तो लॅपटॉपसमोर बसला. नव्या कर्नलमध्येही एक ओळ लिहिली की फाइल संथ वाजवता येत होती, हुबेहूब जुन्यासारखी. वेळ बरोबर, वाय-फाय बरोबर, आणि नाना — आपले. कोणाला काही कळणार नव्हतं. कळण्यासारखं काही बदललंच नसतं. बोरीची चाल राहिली असती, याडीची गोळी राहिली असती, आणि मुख्य म्हणजे माझा बाप राहिला असता, जो गेल्या तासाभरात माझ्या हातातून जात चालला आहे. हे खोटं नाही; खोटं कंपनीनं आधीच सांगितलं आहे, मी फक्त ते चालू ठेवणार.

त्यानं ओळ लिहिली. वाचली. ती निर्दोष होती.

मग तिच्याआधी एक चिन्ह टाकलं, उभ्या-आडव्या दोन-दोन रेघांचं. ते चिन्ह असलं की यंत्र ती ओळ वाचत नाही. ओळ तिथे असते, एवढंच. पुसली म्हणता येत नाही, लागू केली म्हणता येत नाही. क्षणभर त्याला त्या परक्या गावच्या माणसाविषयी आपलेपणा वाटला.

विहारात नेहमीची माणसं होती. पुढे लेकरं, मग बाया, भिंतीशी म्हातारे. धम्मरत्ननं कपाट उघडलं, डबा ठेवला, तारा जोडल्या आणि मागे येऊन, माय बसली होती तिच्या शेजारी, बसला. हात जोडले. ठरल्या वेळी — आता वेळ खरोखरच ठरली होती — भोंगा खरखरला आणि बाहेरच्या आकाशात, कडुलिंबाच्या वरून, टाकीच्या वरून, तांड्याच्या दिशेनं, काट्यावरची चिमणी बोलायला लागली.

त्यानं डोळे मिटले नाहीत. लोकांच्या पाठींकडे पाहत राहिला. एखादी तरी वळेल, एखादं डोकं तरी वर होईल... एका पोरीनं नाक पुसलं. बाकी कोणी हललं नाही. वस्तीनं तोंड उघडलं आणि म्हणायला सुरुवात केली — संथ, खोल, प्रत्येक शब्द खाली ठेवून, नीट बसला का बघून. भोंगा पुढे गेला. वस्ती गेली नाही. पहिल्या शीलाला एका शब्दाचं अंतर होतं, दुसऱ्याला तीन, आणि चौथं वस्तीच्या तोंडी असताना भोंग्यातले नाना सगळं, मधल्या त्या खोकल्यासकट, आटोपून गप्प झाले होते. लोक म्हणतच राहिले. त्या मोठ्या, जाड, सावकाश आवाजाला आता कुठल्याही यंत्राची गरज नव्हती. तो शंभर गळ्यांमधून येत होता, आणि धम्मरत्नच्या लक्षात आलं की त्याचे स्वतःचे ओठही त्याच चालीत हलत आहेत, थांबवले तरी थांबत नाहीत. शेजारी माय मात्र केव्हाच संपवून बसली होती. भोंग्याबरोबर.

घरी परतताना तो मुद्दाम मागे राहिला. टाकीच्या वळणावर, जिथून जिनाची बंद चिमणी दिसते, तिथे थांबून त्यानं पुन्हा एकदा प्रयत्न केला — मोठं काही नको, एवढंच: शाळेचं फाटक, सायकल, रत्ना. नाना आले. आज अगदी स्पष्ट. सदऱ्याच्या बाहीला चिकटलेला कापूससुद्धा दिसला. त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं, हाक मारली... आणि काहीच ऐकू आलं नाही. ना जाड, ना बारीक. ओठ हलले, नाव झालं, सायकल वळली. मेनलाइनमध्ये आवाज मुळात बंद असतो; कोणतं दार उघडायचं ते आपणच शोधायचं, हे तो दरवर्षी नव्या पोरांना शिकवत आला होता. तो बराच वेळ तिथे उभा राहिला, घाबरून, आणि नवल म्हणजे घाईत नसल्यासारखा — त्यांनी पुन्हा हाक मारावी म्हणून.

"मास्तर!" पाठीमागून किसनसिंग मोटारसायकलवर आला, पाय टेकवून थांबला. "आज भोंगा कसा साफ वाजला! पार तांड्यापर्यंत. याडीनं गोळी खाल्ली. वायर बदलली काय?"

"हो," धम्मरत्न म्हणाला.

वायर तीच होती.